जबडा दुखतो म्हणून आठ कॅप? ताई, जरा थांबा

ताई, तुमचा प्रश्न दोनदा वाचला. मला काय समजलं ते आधी मांडतो. कुठे चुकलं असेल तर तुम्हाला लगेच कळेल.

तुम्ही उदगीरच्या, वय ३१, बँकेत कॅश काउंटरवर. सहा महिन्यांपासून उजव्या कानाच्या पुढे दुखतं. सकाळी उठल्यावर जबडा जड असतो, संध्याकाळी कानशीलही ठणकतं. तोंड मोठं उघडलं की कट्ट आवाज येतो. मिस्टर म्हणतात, रात्री तुम्ही कराकरा दात खाता. कानाच्या डॉक्टरांनी कान स्वच्छ आहे म्हणून परत पाठवलं. एका दातांच्या डॉक्टरांनी 'चावा उंच लागतोय' म्हणून दोन दाढा घासल्या. पंधरा दिवस बरं वाटलं, मग पुन्हा तेच. आता ते आठ दाढांना कॅप सांगताहेत, खर्च ऐंशी हजार. दुसरे म्हणाले अक्कलदाढ काढा. आईचं म्हणणं, जंत झालेत. आणि अगदी शेवटी, जाता जाता, तुम्ही लिहिलंय की आठ महिन्यांपासून मनाच्या डॉक्टरांनी एस्सिटालोप्रॅमची गोळी चालू केली आहे. त्या शेवटच्या ओळीकडे मी परत येणार आहे.

माझ्याबद्दल एवढंच की लातुरात बावीस वर्षं प्रॅक्टिस करतो आणि एमडीएस, म्हणजे दातांच्या डॉक्टरकीतलं पुढचं शिक्षण, केलंय ते कॅप-कवळीच्याच विषयात. म्हणजे आठ कॅप बसवणं हा माझाच धंदा, त्यावर माझं घर चालतं. तरी तुमचं तोंड न बघताही एक गोष्ट ठामपणे सांगतो: जबड्याचं दुखणं थांबावं म्हणून कॅप बसवू नका. बाकी बरंच काही तपासल्यावर ठरतं, ते कुठे कुठे ते सांगत जाईन.

तुमच्या प्रश्नात दोन वेगळे त्रास एकमेकांत गुंतलेत. रात्री दात खाणं हा एक आणि जबडा दुखणं हा दुसरा. सगळे त्यांना एकच धरतात, कारण ऐकायला ते सरळ वाटतं: रात्री दात खाल्ले म्हणून सकाळी दुखलं. कधीकधी तसं असतंही. पण माझ्याकडे एक आडत व्यापारी येतात, वय पन्नाशीचं. समोरचे दात झिजून निम्मे राहिलेत, बायको दुसऱ्या खोलीत झोपते इतका आवाज. जबडा दुखतो का विचारलं तर म्हणतात, "छ्या, कधीच नाही." उलट मार्च-एप्रिल आला की नीटची तयारी करणारी पोरं-पोरी माझ्या खुर्चीत येतात. 'लातूर पॅटर्न'चं नाव बाहेर लोक कौतुकाने घेतात, आम्ही त्याची ही बाजूही बघतो. सतरा-अठरा वर्षांची पोरगी, दात मोत्यासारखे, झीज कुठेच नाही आणि म्हणते, "सर, जबडा लई दुखायलाय, आ करायला येईना." रूममेटला विचारलं तर रात्री आवाज अजिबात नाही.

ती पोरगी दिवसा दात आवळते. गणित अडलं की दातावर दात, घड्याळाकडे बघितलं की दातावर दात. तिला स्वतःला त्याचा पत्ताही नसतो. आम्हाला शिकवतात की जेवण आणि गिळणं धरूनसुद्धा चोवीस तासांत वरचे-खालचे दात एकमेकांना टेकायला हवेत ते जेमतेम पंधरा-वीस मिनिटं. ही मंडळी तासन् तास टेकवून बसतात. फार जोर लावत नाहीत, पण सोडतही नाहीत. एक किलोची पिशवी दिवसभर हातात धरून बघा, खांदा काय म्हणतो ते. गालातला चावायचा स्नायू आणि कानशिलावरचा पंख्यासारखा स्नायू असेच थकतात. कानशील ठणकतं ते याच दुसऱ्या स्नायूमुळे, आणि बरेच जण त्याला 'ॲसिडिटीची डोकेदुखी' म्हणून गोळ्या खात राहतात.

म्हणून मी पहिला प्रश्न विचारतो तो वेळेचा. सकाळी उठताच सर्वात जास्त आणि दहा-अकरापर्यंत उतरत असेल, तर रात्रीचा वाटा मोठा. सकाळी ठीक असून दिवस चढेल तसं वाढत असेल, तर दिवसाचा. तुम्ही दोन्ही लिहिलंय. आठ दिवस साध्या वहीत सकाळी, दुपारी, रात्री दुखण्याला दहापैकी गुण देऊन ठेवा. कुठल्याही एक्स-रेपेक्षा मला त्या वहीतून जास्त कळेल.

घरी दोन गोष्टी आरशासमोर बघा. आपल्याच हाताची तीन बोटं, तर्जनी, मधलं आणि अनामिका, एकावर एक उभी करून पुढच्या दातांमध्ये जातात का? जात असतील तर तोंड साधारण ४० मिलिमीटर उघडतं, म्हणजे ठीक. मग दात हलके आवळा आणि गालात जो गोळा फुगतो तो बोटांनी दाबा, कानाच्या पुढचा खळगाही दाबा. दाबल्यावर 'हेच, हेच ते दुखणं' असं वाटलं तर उगम बहुतेक तिथेच आहे. नुसतं दुखलं पण ते तुमचं नेहमीचं दुखणं नसेल, तर शोध अजून बाकी आहे.

हा शोध महत्त्वाचा, कारण जबड्याच्या नावाखाली भलतीच दुखणी लपतात. थंड-गरम लागून कळ टिकून राहत असेल किंवा रात्री ठणका झोपेतून उठवत असेल तर दाढेची नस तपासावी लागते. चावताना कमी आणि चावा सोडताना चटकन कळ येत असेल तर दाढेला तडा असू शकतो, दात खाणाऱ्यांत तो नेहमीचा. तोंड धुताना किंवा वाऱ्याची झुळूक लागताच विजेचा झटका बसल्यासारखं होऊन काही सेकंदांत थांबत असेल तर ते चेहऱ्याच्या नसेचं दुखणं, त्यात दात उपटून काही होत नाही. असे दोन-तीन चांगले दात काढून घेऊन आलेले पेशंट मी पाहिलेत. जिना चढताना जबडा भरून येतो आणि बसलं की थांबतो, असं असेल तर आमच्याकडे येऊच नका, ते हृदयाचं असू शकतं, आधी ईसीजी काढा. तुमच्या वयात आणि तुमच्या वर्णनात हे बसत नाही, पण तुमचं वाचून कुणी आपल्या वडिलांचं निदान करायला नको म्हणून लिहिलं.

आपल्या भागात आणखी एक गोष्ट विचारल्याशिवाय मी पुढे जात नाही: गुटखा, मावा, सुपारी. गुटख्यावर महाराष्ट्रात २०१२ पासून बंदी आहे, पण माझ्या खुर्चीत बसल्यावर ती बंदी कुठे दिसत नाही. सुपारीने गालाची आतली कातडी हळूहळू पांढरट, ताठ होत जाते, तिखट लागलं की आग होते आणि तोंड दोन बोटं, मग दीड बोट उघडतं. पेशंट सांगतो, "डॉक्टर, जबडा धरलाय." सांध्याचा तिथे काही दोष नसतो, आणि ती अवस्था पुढे कॅन्सरकडे जाऊ शकते. तुम्ही बायामाणसं जेवणानंतर सुपारी खाणं यात धरत नाही, मी धरतो. खात असाल तर आजपासून बंद.

आता कट्ट आवाजाचं. कानापुढच्या सांध्यात खालच्या जबड्याचं गोल टोक आणि वरची खाच यांच्यामध्ये एक मऊ चकती असते. ती थोडी पुढे सरकली की तोंड उघडताना टोक तिच्यावर चढतं, तोच आवाज. नुसता आवाज असेल, दुखत नसेल, अडकत नसेल, तर मी त्याला हातही लावत नाही. काहीच त्रास नसलेल्या लोकांचा एमआरआय काढला तरी त्यातल्या बऱ्याच जणांत ही चकती सरकलेली सापडते. जो ओपीजी, म्हणजे दोन्ही जबड्यांचा एकत्र एक्स-रे, तुमच्याकडे आहे त्यात सांध्याचं फक्त हाड दिसतं, चकती नाही, त्यामुळे 'एक्स-रेत सांधा खराब दिसतोय' हे ऐकून घाबरू नका. लक्ष ठेवायचं ते एका गोष्टीवर: एखाद्या दिवशी आवाज अचानक बंद झाला आणि त्याच दिवसापासून तोंड दोन बोटंच उघडायला लागलं, तर बरं झालं असं समजू नका. चकती अडकली आहे, आठवडाभरात दाखवा. लवकर आलं तर हाताने, व्यायामाने सुटण्याची शक्यता चांगली असते. नाहीच सुटलं तर सांधा सुईने धुण्याची छोटी प्रक्रिया तोंडाचे सर्जन करतात. उघडून करायचं ऑपरेशन फार थोड्यांना लागतं.

तर आता तुमची शेवटची ओळ. गोळी आठ महिन्यांपूर्वी, दुखणं सहा महिन्यांपूर्वी. एस्सिटालोप्रॅम, सर्ट्रालिन, फ्लुओक्सेटिन या जातीच्या गोळ्यांनी काही जणांत दात खाणं नव्याने सुरू होतं किंवा असलेलं वाढतं. गोळी सुरू केल्यावर किंवा डोस वाढवल्यावर साधारण पहिल्या काही आठवड्यांत ते दिसतं. तुम्हाला दातांच्या दोन डॉक्टरांनी तपासलं, दोघांनी तोंडात बघितलं, गोळ्या कोणत्या चालू आहेत हे कुणी विचारलेलं दिसत नाही. खात्रीने गोळीच कारण आहे असं मी म्हणत नाही. ज्या काळजीपोटी गोळी लागली ती काळजीसुद्धा दात आवळायला लावते, दोन्ही एकाच वेळी आल्यावर वेगळं करणं अवघड. पण मनाच्या डॉक्टरांना हे कळलंच पाहिजे. त्यांना तीन तारखा द्या: गोळी कधी सुरू झाली, डोस कधी वाढला, दुखणं कधी लागलं. डोस कमी करणं, गोळी बदलणं, सोबत दुसरी देणं, असे पर्याय त्यांच्याकडे असतात. आपल्या मनाने गोळी बंद करू नका. अचानक सोडली तर चक्कर, बेचैनी, झोप उडणं, आणि मूळ त्रास उलटण्याची भीती. जबडा दुखणं त्यापुढे परवडलं.

याच गोळीमुळे दुसरीही एक खबरदारी. मेडिकलवरून आयब्युप्रोफेन, डायक्लोफेनॅक आणून खात असाल तर थांबा. ही दुखण्याची औषधं आणि तुमची एस्सिटालोप्रॅम एकत्र घेतली की पोटात रक्तस्राव होण्याचा धोका वाढतो. फारच दुखलं तर पॅरासिटामॉल आधी, बाकीचं डॉक्टरांना विचारून.

दाढा घासण्याबद्दल लिहायला मला थोडं जड जातं, कारण पहिली चार-पाच वर्षं मीही ते केलंय. चाव्यातला उंचवटा हेच जबडादुखीचं मूळ, असं आम्हाला शिकवलेलं होतं. मी कार्बन कागद चाववून निळे डाग घासायचो, पेशंट पंधरा दिवसांनी खुश होऊन यायचे, महिन्याने पुन्हा तेच गाऱ्हाणं. हे दुखणं चढतं-उतरतं. माणूस डॉक्टरकडे येतो तो ते शिगेला असताना, त्यामुळे काहीही केलं तरी पुढचे दोन आठवडे ते उतरतंच. तुमचे पंधरा दिवस त्यातलेच असावेत. घासलेलं इनॅमल मात्र परत उगवत नाही. नवीन भरलेलं सिमेंट किंवा नवी कॅप उंच लागत असेल तर ती घासावीच लागते, तो वेगळा विषय. तुमच्या त्या दोन दाढा थंडीला झिणझिणत नसतील तर काळजी करू नका. पण तिसरी घासू देऊ नका.

कॅपचंही तेच. आठ दाढा कोरून लहान करायच्या, त्यातल्या एखाद-दुसऱ्या दाढेला पुढे रूट कॅनॉल लागू शकतं, आणि दात खायची सवय तशीच राहिली तर वरची सिरॅमिक तुकड्यांनी निघते. अक्कलदाढेला भोवती सूज येत असेल, कीड असेल तर काढा. कानापुढच्या दुखण्यासाठी नको. ती काढताना तासभर तोंड ताणून ठेवल्याने दुखणारा जबडा आणखी चिडतो.

मग करायचं काय? दिवसाच्या सवयीपासून सुरुवात. ओठ मिटलेले, दात सुटे, जिभेचं टोक वरच्या पुढच्या दातांच्या मागे, 'न' म्हणताना जिथे टेकतं तिथे. जबड्याची आरामाची जागा हीच. तुमच्या काउंटरवर नोटा मोजायचं यंत्र आहे. ते थांबलं की प्रत्येक वेळी एकदा बघायचं, दात टेकलेत का? टेकले असतील तर श्वास सोडत सोडवायचे. मॉनिटरच्या कोपऱ्यात लाल टिकली लावा, तीही आठवण देते. पहिल्या दोन दिवसांत तुमचंच तुम्हाला नवल वाटेल, शंभरदा आवळलेले सापडतील. खांदा आणि गालात फोन धरून बोलणं बंद. संध्याकाळी गरम पाण्यात पिळलेला टॉवेल दोन्ही गालांवर पंधरा-वीस मिनिटं, मग बोटांनी गोल गोल मालिश. जांभई आली की हनुवटीखाली मूठ. चार वाजल्यानंतरचा चहा-कॉफी बंद करून बघा.

खाण्याबद्दल बाया मला हमखास विचारतात, भाकरी सोडू का? ज्वारीची भाकरी सोडायला सांगितली तर मराठवाड्यात कोण ऐकेल माझं. ताजी मऊ भाकरी आमटीत, वरणात, दुधात कुस्करून खा. कडक वाळवलेली भाकरी, दातांनी सोललेला ऊस, च्युइंगम हे दीड-दोन महिने नको. दुखते ती बाजू टाळून एकाच बाजूने चावत राहू नका, दुसरी बाजूही धरते.

नाईट गार्ड, म्हणजे रात्री दातांवर चढवायचं कव्हर, लागेल का? बहुतेक लागेल, पण त्याच्याकडून अपेक्षा काय ठेवायची ते आधी समजून घ्या. गार्ड दात खाणं बंद करत नाही. तुम्ही दात खाल, पण दातांऐवजी प्लास्टिक झिजेल. दुखणं काहींचं छान कमी होतं, काहींचं थोडंच, आणि कुणाचं किती ते आधी सांगता येत नाही. मी देतो तो कडक ॲक्रिलिकचा, सगळे दात झाकणारा, दोन-तीन मिलिमीटर जाडीचा. तोंडाचं माप घेऊन लॅबमध्ये बनतो, आणि बसवताना अर्धा तास लावून सगळ्या दाढा त्यावर सारख्या टेकतात का ते बघतो. माझ्याकडे सगळं धरून पाच हजार लागतात, सरकारी दंत महाविद्यालयात बरेच कमी. ऑनलाइन मिळणारा, गरम पाण्यात बुडवून चावायचा मऊ गार्ड काही जणांत आवळणं वाढवतो. रबर तोंडात आलं की चावावंसं वाटणारच. फक्त पुढच्या चार-सहा दातांवर बसणारा छोटा गार्ड तर कुणी फुकट दिला तरी महिनोन् महिने वापरू नका, मागच्या दाढा सरकून पुढचा चावा उघडा पडू शकतो. मिस्टरांना आणखी एक विचारा: तुम्ही मोठ्याने घोरता का, झोपेत श्वास अडकल्यासारखा होतो का? तसं असेल तर गार्डच्या आधी झोपेची तपासणी, कारण वरच्या जबड्यातला गार्ड काहींचा श्वासाचा त्रास वाढवतो. गार्ड डबीत ठेवा. मे महिन्यात कारच्या डॅशबोर्डवर विसरलेला गार्ड वाकडा होऊन माझ्याकडे आलेला आहे.

गालात बोटॉक्सच्या इंजेक्शनबद्दल हल्ली सगळे विचारतात. स्नायू ढिला पडतो, तीन-चार महिन्यांनी असर उतरतो, पुन्हा पैसे. वारंवार घेतल्यास जबड्याच्या हाडावर काय परिणाम होतो ही शंका मिटलेली नाही. बाकी सगळं करून थकल्यावरचा तो पर्याय आहे, तुम्ही अजून पहिल्या पायरीवरही नाही.

आईंच्या जंतांचं राहिलं. लेकरू दात खातंय म्हणून जंताची गोळी घेऊन आलेली माय मला आठवड्याला एक तरी भेटते. शाळा-अंगणवाडीत लेकरांना जंताची गोळी देतातच, ती चांगली गोष्ट आहे, पण दात खाण्याशी जंतांचा संबंध जोडावा असा भरवशाचा पुरावा नाही. लहान लेकरांचं दात खाणं बहुतेक वेळा वयाबरोबर आपोआप जातं. त्यांच्यात मी टॉन्सिल आणि तोंडाने श्वास घेणं बघतो. आईंशी यावरून वाद घालू नका, गरोदर नसाल तर जंताची एक गोळी घेतल्याने तुमचं काही बिघडत नाही.

क्रम असा ठेवा: या आठवड्यात वही आणि एस्सिटालोप्रॅमबद्दल मनाच्या डॉक्टरांना फोन, आजपासून दात सुटे ठेवणं आणि शेक, पंधरा दिवसांनी वही घेऊन दातांच्या डॉक्टरकडे गार्डच्या मापासाठी. उदगीरला, लातूरला, कुठेही चालेल. स्नायू आणि सांधा बोटांनी दाबून बघणारा आणि तोंड पट्टीने मोजणारा डॉक्टर शोधा. साधारण दोन-तीन महिन्यांत बहुतेकांना निम्म्याहून जास्त आराम पडतो असा माझा अनुभव आहे. नाही पडला तर मी पेशंटला छत्रपती संभाजीनगरच्या शासकीय दंत महाविद्यालयात तोंडाच्या आजारांच्या विभागाकडे पाठवतो.

आणि त्यानंतरही कुणी आठ कॅपचा विषय काढला तर एकच विचारा: कुठला दात किती मिलिमीटर झिजलाय, आणि आज माप घेऊन ठेवलेल्या साच्याशी सहा महिन्यांनी ताडून बघायचं का? गार्डचं माप घेतात तेव्हाच तो प्लास्टरचा साचा मागून घ्या, तारीख टाकून कपाटात ठेवा.